यादीबाहेरच्या विद्यार्थिनी

(८ मार्चच्या निमित्ताने झालेल्या आमच्या जिल्हा मेळाव्यातले भाषण. वक्त्या निवृत्त शिक्षिका आणि गटाच्या जुन्या कार्यकर्त्या आहेत. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

एकोणतीस वर्षे मी वर्गात बोलले, पण तेव्हा हातात खडू असायचा. आज माइक आहे, त्यामुळे थोडी गडबड होईल. सांभाळून घ्या.

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'आदर्श शिक्षिका' असे छापले आहे. ते काढा म्हणून मी निरोप दिला होता, पण पत्रिका छापून झाल्या होत्या. हरकत नाही, त्या दोन शब्दांपासूनच सुरुवात करते. कारण ते दोन शब्द आणखी एका ठिकाणी छापले गेले आहेत आणि मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

मी ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत शिकवले. खाजगी कन्याशाळा. गावातल्या चार भल्या माणसांनी वर्गणी काढून चालू केलेली, पुढे अनुदान मिळालेली. गेल्या वर्षी तिला शंभर वर्षे झाली. शताब्दी म्हटली की स्मरणिका आलीच, आणि स्मरणिका म्हटली की 'आमच्या नामवंत माजी विद्यार्थिनी' हे पान आलेच. ते काम माझ्याकडे आले. बाई निवृत्त आहेत, रिकाम्या आहेत, शिवाय मुलींची नावे त्यांच्या तोंडपाठ आहेत, असे समितीत ठरले.

कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी अडले. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलींची नावे आहेत ती माहेरची. बाहेर जगात त्या वावरतात सासरच्या नावाने. आणि आपल्याकडे आडनावच बदलते असे नाही, पहिले नावही बदलते. तांदळात अंगठीने नाव काढायचे आणि पंधरा-वीस वर्षांची मुलगी एका दुपारात पुसून टाकायची. मुलांच्या शाळेला ही अडचण नसते. तिथला १९६० सालचा मुलगा रजिस्टरमध्ये ज्या नावाने आहे, त्याच नावाने त्याच्या दवाखान्यावर पाटी असते. मुलीला शोधायचे म्हणजे आधी तिच्या नवऱ्याला शोधायचे. म्हणजे ज्यांच्या नवऱ्यांच्या पाट्या मोठ्या, त्या मुली लवकर सापडल्या. यादी अशी तयार होत होती आणि मला सुरुवातीला त्यात काही वावगे वाटले नाही, हेही सांगते.

चोवीस नावे झाली. डॉक्टर होत्या, एक न्यायाधीश होत्या, आकाशवाणीवर गाणाऱ्या एक बाई होत्या, दोघी अमेरिकेत होत्या. अमेरिकेत असणे ही आपल्याकडे स्वतंत्र कामगिरी समजली जाते. पंचविसावे नाव मी घातले ते माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचे. तिचे नाव मी इथे घेत नाही. तशी तुमच्यापैकी निम्म्याजणी तिला ओळखतात. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आता माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे.

ही नववीत होती तेव्हा तिचे लग्न झाले. साल १९७५. पंधरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. कुणी म्हणेल बेकायदा. नाही हो, कायदेशीर होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा ठरवले, १९४९ साली ते पंधरा झाले आणि अठरा व्हायला १९७८ साल उजाडले. म्हणजे नववीच्या वर्गातून मुलगी उठून बोहल्यावर गेली तर कायद्याला त्यात काही खुपत नव्हते. आम्ही सगळा वर्ग लग्नाला गेलो, बुंदीचे लाडू खाल्ले. आमच्या वर्गशिक्षिकांनी स्टीलचा डबा दिला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाकावर तिघींऐवजी दोघी बसलो, आणि आम्हाला काय वाटले सांगू? ऐसपैस झाले असे वाटले.

चार वर्षांनी नवऱ्याने तिला सोडले. पदरी मुलगा होता. भावाच्या घरी राहिली, शेतात गेली, मग शिवणकाम. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता परिषद झाली, तिथे ही पोराला घेऊन एस.टी.ने गेली. जाताना कुणी सांगितले म्हणून गेली, येताना दुसरीच बाई होऊन आली. पुढे आपल्या तालुक्यात नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांची नोंद गावोगाव फिरून कुणी केली, पोटगीच्या तारखांना बायकांबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात कोण बसायचे, रेशनकार्ड स्वतःच्या नावाने मिळावे म्हणून तहसीलवर मोर्चा कुणी नेला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

समितीच्या बैठकीत यादी वाचली. चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत, माझ्याशी नेहमी अदबीने बोलतात. ते म्हणाले, "बाई, या ताई पास कुठल्या वर्षी झाल्या?" मी म्हटले, पास झाल्या नाहीत, नववीतून गेल्या. "मग त्या आपल्या माजी विद्यार्थिनी कशा?" मी म्हटले, आठ वर्षे इथे शिकल्या की. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग दुसऱ्या एका सभासदांनी खरी गोष्ट सांगितली. "परित्यक्ता हा शब्द शुभप्रसंगी छापायचा म्हणजे... पालक वाचणार, देणगीदार वाचणार."

मी काय केले? वाद घातला असे सांगायला मला आवडेल. मी म्हटले, बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसे करा. आणि आठ दिवसांनी मुद्रिते आली तेव्हा सही करून परत पाठवली. पंचवीस नावे भरायची म्हणून रिकाम्या जागी समितीने माझेच नाव घातले होते. 'आदर्श शिक्षिका' ते तिथले. मी ते खोडले नाही.

ही शताब्दीला आली होती. मांडवात मागे बसली. स्मरणिका विकत घेतली. घरी जाऊन वाचली आणि रात्री मला फोन केला, "अगं, तुझा फोटो छान आलाय." बस, एवढेच. त्यानंतर मी महिनाभर जुनी पुस्तके उपसत बसले. मन रमवायला म्हणा, नाहीतर सुटका शोधायला म्हणा. आपल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या मुलींच्या शाळा, त्यांच्या गाजलेल्या विद्यार्थिनी, त्यांना त्यांच्या शाळांनी काय वागवले ते वाचत गेले. त्यातले थोडे सांगते.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू केले. पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती देवरूखची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. विशी उलटून गेल्यावर भावाने तिला मुंबईला आणले आणि सदनात घातले. शाळा पुढल्या वर्षी पुण्याला गेली, तिच्याबरोबर गोदूबाईही गेली. चार वर्षे शिकली. आणि ११ मार्च १८९३ ला, सदनाच्या वाढदिवशीच, तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. नाव झाले आनंदीबाई. घरातले सगळे बाया म्हणत. म्हणजे एका बाईची तीन नावे. रजिस्टरमध्ये शोधायला गेलात तर कुठल्या नावाने शोधाल?

मुरुडकरांनी बहिष्कार घातला, ते आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. न वाचलेला भाग पुढे आहे. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला गेला. आता तुम्हीच सांगा, विधवांना शिकवायला आश्रम निघाला तर तिथे सगळ्यात आधी कोण हवी? शिकलेली, स्वतः वैधव्य भोगलेली, धडाडीची बाई घरातच होती. पण बायाला आश्रमाच्या कामापासून लांब ठेवले गेले. ती पुनर्विवाहिता. तिचा वावर दिसला तर लोक म्हणणार, इथे मुलींची लग्ने लावतात, आणि कुणी आपली विधवा मुलगी पाठवणार नाही. विधवाविवाहाच्या मंडळाचे कामही अण्णासाहेबांनी स्वतः आश्रमापासून वेगळे ठेवले होते.

मला अण्णासाहेबांना दोषी ठरवायचे नाही. त्यांची अडचण खरी होती. सदनाचे काय झाले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८९३ साली धर्मांतराचा गवगवा झाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालक मुलींना घेऊन गेले. आश्रम चालायचा तर पालकांना बिचकवून चालणार नव्हते. मैत्रिणींनो, आमच्या समितीतले सभासद हेच म्हणाले होते ना? पालक वाचणार, देणगीदार वाचणार. सव्वाशे वर्षांत वाक्य बदललेले नाही. फरक एवढाच की अण्णासाहेबांनी ते जगापुढे खरोखर काही ठेवून म्हटले. आमच्या समितीचे काय जाणार होते, एक पान?

बायाने १९४४ साली 'माझे पुराण' प्रसिद्ध केले. आपण सगळ्यांनी वाचावे असे पुस्तक. थोर पुरुषाच्या बायकोचे पुस्तक असूनही त्यात थोर पुरुषापुढे हात जोडून उभे राहणे नाही. घर कसे चालवले, पैशाची ओढाताण कशी झाली, आश्रमापासून दूर ठेवल्याचे कसे लागले, हे ती माजघरात बसून बोलावे तसे बोलते. राग आहे, पण रागाचे भांडवल नाही.

तिची बहीण पार्वतीबाई आठवले. ही विसाव्या वर्षी विधवा झाली, एक मुलगा होता. बहिणीच्या घरी राहून शिकली आणि आश्रमाची झाली. गावोगाव जाऊन वर्गणी गोळा करण्याचे काम तिने घेतले. केशवपन केलेली, लाल आलवणातली बाई सभेत उभी राहून बोलते, हेच लोकांना नवल होते. १९१२ साली तिने केशवपन बंद केले. स्वतः पुनर्विवाह करणार नाही म्हणाली आणि केला नाही. १९१८ साली, वय अठ्ठेचाळीस, इंग्रजी धड येत नाही, आणि बाई अमेरिकेला निघाली. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून भाषा शिकली, आश्रमासाठी मदत मिळवली आणि दोन वर्षांनी परत आली. 'माझी कहाणी' १९२८ चे. तिची पुष्कळ मते मला पटत नाहीत. बाईच्या शिक्षणाचे टोक घर आणि मूल, असा तिचा सूर आहे आणि तो वाचताना मी चिडते. पण मग मनात येते, अमेरिकेत दुसऱ्याच्या मोरीत भांडी घासताना ही बाई काय काय विचार करत असेल.

आता बघा, दोन सख्ख्या बहिणी. एकीने लग्न केले म्हणून ती दाराबाहेर. दुसरीने केले नाही म्हणून ती आश्रमाचा चेहरा. बायकांच्या कामावरून यादी होत नाही, त्यांच्या गळ्याकडे बघून होते.

हिंगण्याच्याच मालतीबाई बेडेकर. यांचीही तीन नावे. माहेरच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालती बेडेकर आणि लेखनात विभावरी शिरूरकर. हिंगण्याला शिकल्या, कर्व्यांच्याच महिला विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. १९१६ साली मूठभर मुलींवर सुरू झालेले हे विद्यापीठ, आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. त्याच विद्यापीठाच्या कमलाबाई देशपांडे, बालविधवा, युरोपात प्रागला जाऊन डॉक्टरेट घेऊन आल्या. कमलाबाईंचे नाव कुठल्याही यादीत निर्धास्त घालता येते. मालतीबाईंचे तसे नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले टोपणनावाने, आणि हे लिहिणारी कोण यावर महाराष्ट्र पेटला. काय होते त्या कथांत? शिकलेली, नोकरी करणारी मुलगी. तिच्या पगारावर घर चालते म्हणून आईबापांना तिच्या लग्नाची घाई नाही. तिला देह आहे, इच्छा आहे, आणि ती कुणाशी बोलावी हे तिला कळत नाही. कन्याशाळेने मुलगी शिकवली, पायावर उभी केली, इथपर्यंतची गोष्ट शाळा सांगते. त्यापुढची गोष्ट शाळेच्या विद्यार्थिनीने सांगितली. शिकवणाऱ्यांना ती आवडणे शक्य नव्हते. 'बळी' ही कादंबरी तर त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, तारेच्या कुंपणातल्या माणसांवर लिहिली. सोलापूरच्या वसाहतीत त्यांनी स्वतः काम केले होते.

हुजूरपागेबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. १८८४ साली रानडे, भांडारकर, वामनराव मोडक वगैरे मंडळींनी पुण्यात काढलेली शाळा, पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर. टिळकांच्या वर्तमानपत्रांनी तिच्या अभ्यासक्रमावर आणि वेळेवर टीका केली, मुली घरकामाला मोकळ्या राहिल्या पाहिजेत म्हणून. मी शिकवायला लागले तेव्हाही पालक येऊन हेच सांगत, "बाई, हिला अर्धा दिवस सोडा, घरी आई बाळंत आहे."

त्या हुजूरपागेच्या वसतिगृहात सात वर्षांची एक मुलगी ब्रह्मदेशातून आली. इरावती करमरकर, तिथल्या नदीचे नाव ठेवलेली. तिथेच तिला शकुंतला परांजपे मैत्रीण मिळाली आणि शकुंतलेच्या आईने हिला आपल्या घरी नेले. पुढे ही इरावती कर्वे झाली, म्हणजे बायाची सून. जर्मनीला शिकायला जायचे ठरले तेव्हा स्त्रीशिक्षणाचे महर्षी असलेल्या सासऱ्यांचा विरोध होता, हे ऐकून मी आधी हसले आणि मग गप्प झाले. नवरा पाठीशी राहिला, ती गेली. बर्लिनमध्ये तिच्या गुरूला गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व कवट्यांतून दाखवायचे होते. हिने कवट्या मोजल्या आणि तसे दिसत नाही असे लिहिले. १९३० साली डॉक्टरेट घेऊन परतली. पुढच्या तिच्या जातींच्या मोजमापांवर आज अभ्यासक कडक टीका करतात, तीही वाचायला हवी. 'युगान्त'वर मात्र आमच्या शाळेत किती निबंध स्पर्धा झाल्या असतील!

इरावतीबाई सगळ्या याद्यांत असतात. शकुंतलाबाई? केंब्रिजच्या गणिताच्या पदवीधर. रशियन चित्रकाराशी लग्न, ते टिकले नाही, मुलीला एकटीने वाढवले. तीच सई परांजपे. आणि काम काय केले? रघुनाथ कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार, बायकांना साधने समजावून देणे. १९९१ साली पद्मभूषण मिळाले. मी आमच्या चिटणिसांना विचारायला हवे होते. नवऱ्यापासून वेगळी राहिलेली, संततिनियमन शिकवणारी बाई आपल्या शाळेची असती तर पान छापले असते का? पद्मभूषणानंतर छापले असते. आधी नाही.

आणखी एक मुलगी. तिची शाळाही सरकारी नव्हती. जोतिबा-सावित्रीबाईंनी सहकाऱ्यांबरोबर पुण्यात चालवलेल्या शाळांपैकी. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची पहिली शाळा निघाली, तो वाडा स्मारकासाठी म्हणून २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला गेला. मांग-महारांच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या. तिथे शिकलेली मुक्ता साळवे, मांगाची मुलगी, चौदा वर्षांची, शिक्षण तीन वर्षांचे. १८५५ साली 'ज्ञानोदया'त दोन भागांत तिचा निबंध छापला, मांगमहारांच्या दुःखाविषयी. वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता ते देवाने सांगावे, असे ती विचारते. इमारतींच्या पायांत आमच्या लोकांना गाडत होते, ते लिहिते. आणि एक ओळ अशी, जी मी नववीच्या मुलींना सांगताना नेहमी थांबायची. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, त्या थंडीवाऱ्यात कशा कुडकुडत असतील, याचा विचार करा असे ती वाचणाऱ्याला सांगते. चौदा वर्षांच्या पोरीला हे सुचले, कारण तिने ते पाहिले होते.

त्यानंतर मुक्ता दिसत नाही. कुठे दिली, किती मुले झाली, पुन्हा लेखणी हातात धरली का, काहीही नोंद नाही. तिची शाळा 'पास' ठरवायला तिथे एस.एस.सी. बोर्ड नव्हते. आमच्या समितीच्या नियमाने मुक्ता साळवे माजी विद्यार्थिनी ठरत नाही.

हे सगळे वाचून मी पुन्हा शाळेत गेले. आताच्या मुख्याध्यापिका माझ्या विद्यार्थिनी. त्यांना म्हटले, जनरल रजिस्टर दाखव. म्हणाल्या, "बाई, पुन्हा यादी?" आठ दिवस रोज दुपारी जाऊन बसले. ह्या रजिस्टरला शेवटून दुसरा एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. नोकरीत असताना मी त्यात शेकडो वेळा लिहिले, पण उभा कधी वाचला नव्हता. उभा वाचा.

१९७५ च्या पानांवर 'विवाह', 'विवाह', 'लग्न झाले', 'विवाह'. मोकळेपणाने लिहिलेले, ठळक शाईत. माझ्या मैत्रिणीच्या नावापुढेही तेच. पुढे १९८० नंतरची पाने उघडली. तिथे 'विवाह' जवळजवळ दिसतच नाही. मला वाटले, वा, कायद्याने फरक पडला. मग शेजारचे शब्द वाचले. 'घरगुती कारण'. 'घरगुती अडचण'. 'परगावी गेली'. 'सतत गैरहजर, नाव कमी केले'. जन्मतारखा बघितल्या, सोळा, साडेसोळा, पंधरा. अठराचा कायदा आल्यावर लग्न थांबले नव्हते, रकान्यातला शब्द थांबला होता. खरे लिहिले तर शाळेलाच विचारणा झाली असती.

आणि बायांनो, १९८८ पासून पुढच्या कितीतरी नोंदींत अक्षर माझे आहे. वर्गशिक्षिका म्हणून 'घरगुती कारण' मी लिहिले. महिनाभर मुलगी आली नाही की नाव कमी करायचे, वर्गाची हजेरी चांगली दिसते, तपासणीला साहेब खूष. एकोणतीस वर्षांत मी दोन मुलींच्या घरी गेले. दोनच. एकीच्या दारात मांडव होता, मी आहेर करून परत आले. दुसरीचा बाप म्हणाला, बाई तुम्ही म्हणता तर परीक्षेपर्यंत थांबतो. तो थांबला. ती दहावी झाली, आज अंगणवाडीत आहे. म्हणजे गेले असते तर काही बाप थांबले असते. हे मला आता कळते असे म्हणायची सोय नाही. तेव्हाही कळले होते. त्याच दिवशी कळले होते. पण बाकीच्यांकडे मी गेले नाही. तासिका होत्या, पेपर होते, घरी सासूबाई आजारी होत्या. कारणे सगळी घरगुतीच.

त्याच काळात माझी ही बाकावरची मैत्रीण पायी गावे फिरून नवऱ्याने टाकलेल्या मुलींची नावे वहीत उतरवत होती. गेल्या महिन्यात तिची वही आणि शाळेचे रजिस्टर आम्ही दोघींनी शेजारी ठेवून पाहिले. माहेरची नावे माझ्याकडे, सासरची तिच्याकडे. गाव आणि बापाचे नाव यांवरून जुळवत गेलो. पहिल्या दिवशी सात जुळल्या. सातांपैकी तीन माझ्या वर्गातल्या. एकीच्या नावापुढे रजिस्टरमध्ये माझ्या हाताने 'घरगुती कारण' आणि वहीत हिच्या हाताने 'जाळण्याचा प्रयत्न, वाचली'. ही काही बोलली नाही. उठून चहा टाकायला गेली.

आता काम असे चालू आहे. दर रविवारी बसतो. जुळलेल्यांपैकी ज्या हयात आहेत, ज्यांचा पत्ता लागतो, त्यांना भेटून विचारतो, तुमचे नाव शाळेच्या यादीत घालू का आणि कुठले घालू? काहीजणी नको म्हणतात, त्यांचे घालत नाही. एकजण म्हणाली, माझे माहेरचे पहिले नाव घाला, लग्नात बदललेले नको, चाळीस वर्षांत मला कुणी त्या नावाने हाक मारलेली नाही. शाळेला पुरवणी छापायला सांगितले आहे. चिटणीस म्हणाले, खर्चाचे बघू. न छापली तर झेरॉक्स काढून वाटू, त्याला किती पैसे लागतात.

तुमच्यात शिक्षिका पुष्कळ आहेत, हात वर केले होते तेव्हा पाहिले. तुमच्या शाळेतले रजिस्टर तुमच्याच कपाटात असते. तो रकाना उभा वाचून या. पुढल्या बैठकीला आपण आपापले आकडे घेऊन बसू. आणि आज ज्यांच्या वर्गात एखादी आठ दिवस आलेली नाही, त्यांनी बैठकीची वाट बघू नये.

माझी वेळ केव्हाच संपली, अध्यक्षबाई दोनदा घड्याळाकडे बघून झाल्या. ही पुढच्या रांगेत सरकली आहे, म्हणजे तिला काही खोडून काढायचे आहे. वही तिच्याकडेच आहे. माइक तिला देते.